पोत्यात गेलेला हात

रायपूर स्टेशनच्या पलीकडे गुढियारीत किराण्याचा आणि धान्याचा ठोक बाजार आहे. तिथे तांदूळ घ्यायला आलेलं एखादं मुरलेलं गिऱ्हाईक माल कसा पारखतं, हे जरा थांबून पाहावं. वरचा मूठभर तांदूळ ते बघतं, पण त्यावर भरवसा ठेवत नाही. वरचा माल चांगला दिसणारच. मग बाही वर सारून हात कोपरापर्यंत पोत्यात जातो. डोळे रस्त्याकडे, तोंडाने भावाची घासाघीस चालू, आणि आत, जिथे कुणालाच काही दिसत नाही तिथे, बोटं कामाला लागलेली असतात. मूठ वळायची, सैल सोडायची, दाणे अंगठ्याने बोटांवर रगडायचे. कोरडा दाणा मुठीतून सळसळत निसटतो, दमट दाणा तळव्याला चिकटून राहतो. कणी जास्त असली तर बोटांना रवाळ लागतं. बारीक एचएमटीत जाडा तांदूळ मिसळलेला असेल तर तो दोन बोटांत फिरवताना लगेच जाणवतो. पोत्याच्या पोटात ऊब लागली तर समजावं की माल ओलसर भरलाय. ओल्या धान्याचा श्वास जोरात चालतो आणि त्यातून उष्णता सुटते.

सरकारी धानखरेदीत ओलाव्याची मर्यादा १७ टक्के आहे. ती यंत्राने मोजतात आणि तशीच मोजायला हवी; शेतकऱ्याच्या घामाच्या पैशाचा प्रश्न आहे. पण यंत्र एका गोष्टीचा आकडा देतं. हात ओल, ऊब, कणी, जाडी हे सगळं एका मुठीत सांगतो, आणि ते सांगण्यासाठी त्याला एकच गोष्ट लागते: हलायला मोकळीक.

तोच हात पोत्यात निश्चल ठेवून पाहा. क्षणभर गार किंवा उबदार लागेल, थोडा दाब जाणवेल, आणि मग तेही विरून जाईल. डेव्हिड कात्झ या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९२५ साली स्पर्शावर एक ग्रंथ लिहिला. दृष्टीला प्रकाश जसा लागतो तशी स्पर्शाला हालचाल लागते, असं त्याचं प्रतिपादन होतं. मला ते फार मोलाचं वाटतं. स्पर्श म्हणजे वस्तू आपल्याला लागते, असं आपण धरून चालतो. खरं तर हात तिच्याकडे विचारपूस करायला गेलेला असतो.

रॉबर्टा क्लाट्झ्की आणि सुसान लेडरमन या दोघी संशोधिकांनी १९८५ साली डोळे बांधलेल्या माणसांच्या हातात नेहमीच्या वापरातल्या शंभर वस्तू एकेक करून दिल्या. जवळजवळ सगळ्या ओळखल्या गेल्या, आणि बहुतेक पाच सेकंदांच्या आत. पुढे त्यांनी हात काय काय करतो ते टिपलं. पोत कळावा म्हणून बोट घासलं जातं, कठीणपणा कळावा म्हणून दाबलं जातं, वजनासाठी वस्तू उचलून तोलली जाते, आकारासाठी मुठीत घेतली जाते किंवा कडेकडेने बोट फिरतं. गुढियारीतलं ते गिऱ्हाईक यातलं बरंचसं एका दमात करतं, बोलता बोलता.

याहून नवलाची गोष्ट काठीची. काठीचं एक टोक मुठीत धरलं, मध्ये पडदा आहे, काठी दिसत नाही. तरी ती जराशी झुलवली की किती लांब आहे याचा बरा अंदाज येतो. पलीकडच्या टोकाला तर हात लागलेलाच नसतो! मायकेल टर्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत यावर वर्षानुवर्षं प्रयोग केले. काठीला बांधलेलं वजन मुठीपासून दूर सरकवलं की तीच काठी लांब वाटते. याचा अर्थ हात लांबी थेट मोजत नाही. फिरवताना काठी किती अडते, हे मनगटाच्या आणि दंडाच्या स्नायूंना जाणवतं, आणि त्यावरून न पाहिलेलं टोक कळतं. म्हणून हात कधी फसतोही. किलोभर गूळ आणि किलोभर चुरमुरे पाळीपाळीने उचलले तर गूळ जड वाटतो. काटा दोन्ही सारखेच दाखवत असतो.

रायपुरात तात्यापारा ही मराठी माणसांची जुनी वस्ती. तिथली माझी आत्या रोज पहाटे गोमुखीत हात घालून जप करते. माळ कुणाला दिसू नये म्हणून ती कापडी पिशवी. करणाऱ्यालाही दिसत नाहीच. १०८ मणी अंगठा आणि मधल्या बोटाने एकामागून एक सरतात, तर्जनी बाजूला राहते. मेरुमणी ओलांडायचा नाही, तिथून माळ उलट फिरवायची, आणि तेही एका हाताने, पिशवीतल्या पिशवीत. मी तिला विचारलं, मेरू आला हे कसं कळतं? ती म्हणाली, "अगं, तो येण्याआधीच कळतं. माळेचा ओढा बदलतो." गोंडा त्याच जागी बांधलेला असतो, त्याचा भार बोटं आधीच्या मण्यांवरच ओळखतात. काठीचं टोक कळतं तसंच हे.

हाताच्या या जाणकारीवर अंधांचं शिक्षणही उभं असतं. १९५१ साली ठरलेल्या भारती ब्रेलमध्ये मराठी अक्षरंही सहा उठावदार बिंदूंतून घडतात. वाचणारं बोट थांबलं की उठाव बोथट होत जातो, म्हणून ते हलकं ठेवून ओळीवरून सरकवत न्यायला शिकवतात. सराईत वाचकाचा उजवा हात ओळ संपवत असतो, तोवर डाव्याने खालची ओळ शोधलेली असते.