मिटवणार कोण?

दिवाळी सरली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मंडया भरू लागतात. रात्री नाटक, आणि नाटकाच्या मांडवामागे मोहाची दारू. अशा एखाद्या रात्री दोन सोबत्यांमध्ये जुन्या उधारीचा विषय निघतो आणि एकाचा हात उठतो. सकाळी दुसरा सुजलेलं तोंड घेऊन ओट्यावर बसलेला असतो. येणारा-जाणारा एकच विचारतो, "रिपोर्ट टाकली का गा?"

तो काही बोलायच्या आत उत्तरं सुरू होतात. मारणाऱ्याची आई दारात येऊन बसते. लहानपणी या पोरालाही तिनेच भाकर वाढलेली असते. पोलीस पाटील म्हणतात, घरातलंच आहे, मिटवून टाका. बायको म्हणते, आज सोडलं तर उद्या पुन्हा मारेल. सगळ्यांची मतं पक्की. फक्त ज्याच्या गालफडावर बुक्की बसली, त्याचं अजून ठरलेलं नाही.

गंमत अशी, की रूक्ष म्हणून बदनाम असलेला कायदा नेमका इथे गावापेक्षा हळुवार आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत साध्या दुखापतीचं कलम ११५ (२) आहे: एक वर्षापर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा अदखलपात्र. म्हणजे ठाण्यात एनसी लिहून घेतात, पण दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. आणि कोणते गुन्हे आपसात मिटवता येतात, याचा तक्ता नागरिक सुरक्षा संहितेत दिला आहे. त्यात एक रकाना आहे: मिटवणार कोण? साध्या दुखापतीपुढे तिथे एवढंच लिहिलंय, की ज्याला दुखापत झाली ती व्यक्ती. सरपंच नाही, गावची समिती नाही, मित्राची आईही नाही.

या रकान्याला मर्यादाही आहे. ओठ फुटला तोवर प्रकरण मार खाल्लेल्याच्या हातात. हाड मोडलं किंवा दात पडला, की ती जबर दुखापत. कलम ११७ (२), सात वर्षांपर्यंत शिक्षा. पोलीस स्वतः तपास करतात आणि तडजोडीला न्यायालयाची परवानगी लागते. दात पडला, की अर्धी मैत्री सरकारजमा! खुनाचा प्रयत्न किंवा बलात्कार असेल, तर मिटवण्याचा हक्क कोणाकडेच उरत नाही. तिथे "गावातच बघू" म्हणणारा माणूस गुन्हेगाराची बाजू घेत असतो.

गावात मिटवणं वाईट, असं मात्र नाही. गावातले तंटे गावातच मिटावेत म्हणून १५ ऑगस्ट २००७ ला राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तेव्हा गृहमंत्री आर. आर. पाटील होते, पुढे ते गडचिरोलीचे पालकमंत्रीही झाले. त्या जिल्ह्यातल्या भामरागडच्या माणसाला तारखांसाठी दूरच्या कोर्टात खेटे घालायला लावण्यापेक्षा हे बरंच. पण तंटे मिटले की गावाला बक्षीस, ही त्यातली खोच मला कायम टोचत आली आहे. बक्षीस गावाचं आणि सूज एकाची असली, की त्याच्या होकाराची घाई होते. त्याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाची रीत वेगळी. तिथली ग्रामसभा बहुमताने नाही, सर्वसहमतीने निर्णय घेते. एकाचा नकार असला तरी बोलणं चालू ठेवायचं. अनुसूचित क्षेत्रात तंटे सोडवण्याच्या पारंपरिक पद्धतीला १९९६ च्या पेसा कायद्याने मान दिलाच आहे. तंटा मिटवणाऱ्या बैठकीत मार खाल्लेल्याचं "नाही" किती वेळ टिकू शकतं, यावर मी तिची किंमत ठरवीन.

कारण पुष्कळदा तो गप्प बसतो ते मैत्रीखातर नसतंच. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. ठाण्यात "आम्ही दोघं पीत बसलो होतो" असं सांगायचं म्हणजे आपलाच गुन्हा कबूल करणं. जंगलातल्या गावांत तर वर्षानुवर्षं ठाण्याची पायरी चढलेला माणूस नक्षलवाद्यांच्या नजरेत खबऱ्या ठरू शकत होता, आणि त्या संशयाने माणसं मारली गेली आहेत. अशी भीती मग "जाऊ दे ना, दोस्तच आहे" हे बोल घेऊन बाहेर येते. ऐकणाऱ्याला ती क्षमा वाटते.

म्हणून नोंद करणं आणि सूड घेणं यांची गल्लत करू नये. साध्या दुखापतीत न्यायालयाने दखल घेण्याची मुदत एक वर्षाची आहे. विचार करायला तेवढा वेळ आहे. जखमेला नाही, ती आठवड्यात बुजते. त्यामुळे ग्रामीण रुग्णालयात त्याच दिवशी जाऊन तपासणीचा कागद करून घेणं शहाणपणाचं. मारहाणीची जखम दिसली की डॉक्टर पोलिसांना कळवतात, याला लोक घाबरतात. पण अदखलपात्र दुखापतीत नोंद झाली म्हणजे खटला उभा राहिला असं होत नाही. उलट काय झालं ते कागदावर असलं, की सोडून देणाऱ्यालाही आपण काय सोडतोय ते ठाऊक असतं, आणि मारणाऱ्यालाही. काही लिहिलंच नाही, तर पुढच्या मंडईपर्यंत ती बुक्की "थोडी ढकलाढकली" झालेली असते.

दुपारी तो रुग्णालयातून परत येतो. मारणाऱ्याची आई अजून ओट्यावरच. तो कागदाची घडी करून रेशनकार्डाच्या डब्यात ठेवतो, तिच्यासाठी चहा टाकायला सांगतो आणि म्हणतो, "आज नाही सांगत, मावशी. अन् त्याला म्हणा, येऊन भेट."