अक्षराएवढा राक्षस

‘रोग’ हे नाव देवनागरीत लिहिलं की दवाखान्याचा वास येतो. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ लुच्चा, भामटा. पण ज्या संगणकीय खेळाचं हे नाव, त्याची लागण गेली पंचेचाळीस वर्षं हटलेली नाही. तेव्हा आपला गैरसमज अगदीच वाया जात नाही. १९८०च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या विद्यापीठात शिकणाऱ्या मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन यांनी तो लिहिला. टॉय पुढे बर्कलीला गेला, तिथे केन अर्नोल्ड हातभार लावायला आला आणि बर्कलीच्या युनिक्स या संगणकप्रणालीबरोबर खेळ विद्यापीठाविद्यापीठांत पोचला.

त्यात चित्र म्हणून एकही नव्हतं. ऐंशी रकाने आणि चोवीस ओळींच्या काळ्या पडद्यावर टिंबांची जमीन, रेघांच्या भिंती. ई-मेलच्या पत्त्यात असतं ते ॲटचं चिन्ह म्हणजे तुम्ही. राक्षस म्हणजे ए ते झेड अशी सव्वीस मोठी अक्षरं. सव्वीस मजले खाली उतरायचं, येंडोरचा ताईत उचलायचा आणि जिवंत वर यायचं, एवढीच गोष्ट.

हा खटाटोप कशासाठी, ते लक्षात घेण्यासारखं आहे. त्या काळचे साहसखेळ शब्दांत सांगितलेल्या कोड्यांचे असत. कोडं एकदा सुटलं की संपलं. आणि ज्यानं ते रचलं त्याला तर ते पहिल्यांदासुद्धा खेळता येत नसे. टॉय आणि विचमन यांना स्वतःलाच चकित करणारा खेळ हवा होता. म्हणून त्यांनी तळघर बांधायचं काम यंत्राकडे सोपवलं. पडद्याचे तीन गुणिले तीन असे नऊ चौकोन, त्यांत कमीजास्त आकाराच्या खोल्या आणि खोल्यांना जोडणाऱ्या वाटा. दर डावाला मांडणी नवी. कोणत्या रंगाच्या काढ्यानं जखम भरते आणि कोणत्यानं डोळे जातात, हेही दर डावाला नव्यानं ठरायचं.

‘रोग’च्या कुळातल्या, म्हणजे ‘रोगलाइक’ खेळांचं कौतुक करताना सगळे या अनंत तळघरांपाशीच थांबतात. मला ते पटत नाही. यातली सगळ्यात स्वस्त गोष्ट कोणती असेल तर ती हीच. खोल्या पाडणारा प्रोग्रॅम होतकरू मुलगा एका संध्याकाळी लिहितो. दहा हजार खोल्या तयार होतात आणि अकराव्या खोलीत खेळणारा जांभई देतो. केट कॉम्प्टन या जाणकार बाईंनी या दुखण्याला ओटच्या लापशीच्या दहा हजार वाडग्यांची उपमा दिली आहे: दाण्यांची मांडणी प्रत्येक वाडग्यात वेगळी, खाणाऱ्याच्या लेखी सगळी लापशीच. वैविध्य मोजता येतं म्हणून ते जाणवतंच असं नाही.

महाग असतो तो नियम. १९८७मध्ये आलेल्या ‘नेटहॅक’मध्ये कॉकाट्रिस नावाचा एक जीव आहे, त्याला उघड्या हातानं स्पर्श केला की माणसाचा दगड होतो. हा जीव युरोपातल्या जुन्या दंतकथांतला. पण खेळ लिहिणाऱ्यांनी पुढचा प्रश्न विचारला: स्पर्शानं दगड होतो तर मेलेल्या कॉकाट्रिसच्या स्पर्शानं? त्यानंही होतो. मग हातमोजे घालून ते कलेवर उचललं तर? उचलता येतं, आणि हत्यारासारखं दुसऱ्यावर हाणताही येतं. समोरचा दगड होतो. आणि असं कलेवर पेलून चालताना खड्ड्यात पडलं तर? तोल जाऊन ते अंगाला लागतं, आपलाच दगड होतो, हातमोजे असूनही. यातल्या एकाही गोष्टीला चित्र लागलं नाही. लागला तो एका वाक्याच्या नियमाचा शेवटपर्यंत पाठलाग करण्याचा चिवटपणा.

एकट्यादुकट्यानं असे खेळ का करावेत आणि ते का जमतात, याचं उत्तर मला इथे दिसतं. मोठ्या कंपनीत नवा राक्षस आणायचा म्हणजे चित्रकार, हालचाली बसवणारे, आवाज देणारे, सगळ्यांचे पगार. मग तो राक्षस पाण्यात पडला तर काय, त्यानं लोणी खाल्लं तर काय, असले प्रश्न कुणी विचारत नाही. विचारला तर अंदाजपत्रक वाढतं. अक्षराचा राक्षस फुकट असतो. त्याला काहीही होऊ शकतं. खर्च पैशातून उठून वर्षांत जाऊन बसतो, आणि वर्षं खर्च करायची मुभा नोकरदार चमूपेक्षा वेड लागलेल्या माणसाला जास्त असते.

टार्न आणि झॅक या ॲडम्स बंधूंनी ‘ड्वॉर्फ फोर्ट्रेस’ या खेळाचं काम २००२मध्ये सुरू केलं, २००६मध्ये तो लोकांना फुकट दिला आणि वर्षानुवर्षं देणग्यांवर संसार केला. बुटक्या खाणकामगारांच्या या जगात २०१५मध्ये गुत्ते आले. लगोलग तक्रारी आल्या की मांजरं मरताहेत. कारण शोधल्यावर कळलं ते असं: गुत्त्यात दारू सांडते, मांजर त्यावरून चालतं, पंजे ओले होतात. मांजरं अंग चाटून साफ करतात हा नियम आधीपासून होता. चाटताना दारू पोटात जाते. हिशेबातल्या एका चुकीमुळे प्रत्येक चाटण्याला अख्खा पेला मोजला जात होता. मांजर दारूनं मरावं असं कुणीही लिहिलेलं नव्हतं. सांडणं, ओलं होणं, चाटणं आणि झिंगणं हे चार वेगवेगळ्या वेळी लिहिलेले नियम गुत्त्याच्या फरशीवर एकमेकांना भेटले. दुरुस्ती करावी लागली, पण मला त्या चुकीचा हेवा वाटतो. टॉय आणि विचमन यांना हवा होता तो धक्का हाच.

दुसरं उदाहरण जास्त मुरलेलं आहे. जेसन ग्रिनब्लॅट आणि ब्रायन बकल्यू यांच्या ‘केव्ह्ज ऑफ कड’ची सुरुवात २००७ची आणि पूर्ण आवृत्ती डिसेंबर २०२४ची. सतरा वर्षं. त्यात जुन्या सुलतानांचे इतिहास यंत्र रचतं. कारणामागून कार्य अशा सरळ क्रमानं ते रचायचे तर सगळं जग आधी नांदवून पाहावं लागेल. या दोघांनी क्रम उलटा केला: आधी घटना घडू द्यायची, मग तिला साजेसं कारण मागाहून चिकटवायचं. हे वाचल्यावर मला आपली स्थळपुराणं आठवली. डोंगराला भोक असतं. भीमाची लाथ नंतर येते. कुंडाचं पाणी तांबडं असतं. कुठल्या तरी राक्षसाचा वध त्यासाठी शोधला जातो. पुराणाला पुराणपण येतं ते या उलट्या रचनेमुळे, हे दोन अमेरिकन प्रोग्रॅमरांना कळलं याची मजा वाटते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. चित्र नको म्हणता, मग ‘ड्वॉर्फ फोर्ट्रेस’ला अखेर चित्रं का लावली? डिसेंबर २०२२मध्ये किटफॉक्स या प्रकाशकानं तो सचित्र करून विकायला काढला, आणि काही आठवड्यांत लाखो प्रती खपल्या. झॅकला कर्करोग झाल्यावर वैद्यकीय खर्चाची जी धास्ती दोघा भावांनी घेतली होती, तीच या निर्णयामागे होती. देणग्यांवर जगणं रोमँटिक वाटतं ते लांबून. अक्षरं पाहूनच पाठ फिरवणारे लाखो लोक होते आणि आहेत, हे मान्य करायला हवं. पण चित्रं चढली ती वीस वर्षांच्या नियमांवर. माझ्या पाहण्यातली बहुतेक होतकरू मंडळी उलट्या टोकानं सुरुवात करतात: आधी राजघराण्यांच्या वंशावळी, मग नकाशा, मग ड्रॅगनचं चित्र, आणि ड्रॅगन भिंतीवर आदळला तर काय होतं हे कधीच ठरत नाही. सात दिवसांत एक पूर्ण खेळ करून दाखवायचा, असा एक वार्षिक रिवाज या जमातीत २००५पासून आहे. वंशावळीच्या आजारावर तो रामबाण आहे.

नियम काढून टाकणं हे तर तो लिहिण्याहून अवघड. ‘रोग’मध्ये भूक होती, कारण खेळणारा एका खोलीत ठाण मांडून बसू नये. याच कुळातल्या ‘डंजन क्रॉल स्टोन सूप’ची मंडळी या बाबतीत निर्दय: जिथे निवड खरी नाही, नुसती हमाली आहे, ते ठेवायचं नाही. त्यांनी वर्षानुवर्षं चालत आलेली भूक आणि सगळं अन्न खेळातून काढून टाकलं. जुने खेळाडू चिडले. मला निर्णय धाडसी वाटला, माझ्यापुरता मात्र चुकीचा. त्याचं कारण पुढे येईल.

मरणाबद्दल थोडं. या कुळातल्या खेळांत मेलं की डाव पहिल्यापासून. जपून ठेवलेली फाइल ‘रोग’ उघडतानाच पुसतो; मागे फिरायला वाट नाही. बाहेरच्याला हा छळ वाटतो. पण सापशिडीत साप गिळतो तेव्हा आपण काहीच केलेलं नसतं, सगळं फाशाचं. पत्त्यांत तसं नसतं. पानं वाटणं आपल्या हातात नाही, पण वाईट पानांवरही चांगला खेळणारा बराच वेळ टिकतो, आणि हरल्यावर कोणतं पान चुकलं हे त्याला सांगता येतं. चांगल्या रोगलाइकमधलं मरण असं सांगता येण्याजोगं असतं. मेलेला माणूस शेजाऱ्याला कसा मेलो ते रंगवून सांगतो. सांगता येत नसेल तर खेळ करणाऱ्यानं फासा खोटा केला आहे, शकुनीसारखा.

गेली तीन वर्षं सुट्टीच्या दिवशी मीही असा एक छोटा खेळ लिहितो आहे. विकायचा नाही. पाश्चात्त्य कल्पनाकथांतले एल्फ आणि ऑर्क मला परके, म्हणून कोकणातली भुतं घेतली, आणि त्यांनीच मला वरचं सगळं शिकवलं. आपल्या भुतांची भीती त्यांच्या रूपात फारशी नसतेच. ती नियमांत असते. मुंजा पिंपळ सोडत नाही. हडळीचे पाय उलटे, म्हणजे तिचा माग काढणाऱ्यानं पावलांच्या उलट दिशेनं जायचं. गिऱ्ह्याचं राज्य पाण्यापुरतं. आजीनं सांगितलेली भुताची गोष्ट म्हणजे जवळजवळ नियमावलीच: कुठे जायचं नाही, कधी मागे बघायचं नाही, गाठ पडलीच तर काय करायचं.

अक्षरं देवनागरी वापरायची हौस होती. पण पडद्याचा रकाना एका चिन्हाचा, आणि आपला ‘गि’ संगणकाच्या हिशेबी ग आणि वेलांटी अशी दोन चिन्हं. गिऱ्हा पाण्याबाहेर डोकावला की त्या ओळीतली सगळी भिंत एक घर सरकायची. शेवटी नुसत्या व्यंजनांवर भागवलं. (जुन्या वळणाचा ख असता तर एका खवीसाच्या जागी र आणि व अशी दोन भुतं उभी दिसली असती.)

वाट चुकवणाऱ्या चकव्यानं सगळ्यात जास्त छळलं. आधी मी तो जवळ आला की बाणांच्या कळांच्या दिशा बदलायचो. भाचा दहा मिनिटं खेळला आणि म्हणाला, “मामा, तुमचा कीबोर्ड बिघडलाय.” त्याचं बरोबर होतं, ते मरण सांगता येण्याजोगं नव्हतं. मग नियम आजीच्या गोष्टीतून जसाच्या तसा उचलला. चकवा लागला की वाट घडी घातल्यासारखी होते. पूर्वेला गेलं तरी त्याच वडापाशी, पश्चिमेला गेलं तरी त्याच वडापाशी. उपाय एकच, उजाडेपर्यंत जागच्या जागी बसून राहायचं. थांबण्याची कळ या खेळांत परंपरेनं टिंबाची. ती दाबत बसायचं. थांबलं की भूक वाढते. आता बसायचं की चालायचं हा प्रश्न खरा झाला. म्हणून माझ्या खेळातून भूक काढणं मला परवडणार नाही.

मागच्या दिवाळीत भाचा खवीसापासून पळता पळता चकव्याच्या रानात शिरला आणि शहाण्यासारखा खाली बसला. शिदोरीत दोन भाकऱ्या. खवीस त्याच्या मागे आला आणि रानाच्या कडेला अडकला. वाट माणसासाठी दुमडते की सगळ्यांसाठी, हे मी लिहिलंच नव्हतं. यंत्रानं सगळ्यांसाठी धरलं. ख वडापासून निघायचा, चार घरं जायचा, पुन्हा वडापाशी. शेजारच्या ओळीत भाचा टिंबं दाबत उजाडण्याची वाट पाहत होता. दोघं एकमेकांना दिसत होते.

भाच्याला वाटलं मी हे मुद्दाम केलंय. मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. खवीसाला अजून मी सोडवलेलं नाही.