कमी पैशांतला आनंद : त्याची किंमत कोण देतो?



शाळांना सुट्टी लागली की घरोघरी एकच विषय निघतो : मुलांना यंदा कुठे न्यायचे? पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो : पैसे कुठून आणायचे? शेतमजुरी, दूधधंदा किंवा लहानशी नोकरी यांवर चालणाऱ्या घराला सहल म्हणजे चैन वाटते. काही भाविक तर त्याही पुढे जाऊन विचारतात, "फादर, शेजारच्या घरात चूल पेटत नसताना आपण डोंगर-धबधबे पाहत फिरावे, हे बरे आहे का?" हा प्रश्न प्रामाणिक आहे. म्हणून त्याचे उत्तरही आपण नीट विचार करून शोधू या.

प्रथम बेथानीचा प्रसंग आठवू या. मरियेने प्रभूच्या चरणांना मोलाचे सुगंधी तेल लावले, तेव्हा यहूदाने हरकत घेतली. हे तेल तीनशे दिनारांना विकून पैसे गरिबांना का दिले नाहीत, असे तो म्हणाला. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे ते तेल जवळजवळ वर्षभराच्या मजुरीचे होते! तरीही प्रभूने मरियेलाच पाठीशी घातले. गरिबांचे नाव घेऊन आनंदावर बोट ठेवणारा प्रत्येक जण गरिबांचा कैवारी असतोच असे नाही, हे संत योहान त्या ठिकाणी स्पष्टपणे नोंदवतो.

जुन्या करारात याहून नवल वाटावे अशी आज्ञा आहे. अनुवाद या पुस्तकाच्या १४व्या अध्यायात दशमांशाचा नियम सांगितला आहे. मंदिराची वाट फार लांबची असेल, तर उत्पन्नाचा दशमांश विकून पैसे गाठीला बांधावे, तिथे जाऊन मनाला आवडेल ते घ्यावे आणि घरच्यांसह देवासमोर खाऊन-पिऊन आनंद करावा, असे देवच सांगतो. मात्र लगेच पुढे अट आहे : गावातल्या लेव्याला विसरू नका, आणि परका, पोरका व विधवा यांचाही वाटा ठेवा. याचा अर्थ, देवाने 'आनंद की गरीब' अशी निवड आपल्यापुढे ठेवलेलीच नाही. ज्या आनंदात गरिबाचा वाटा आहे, तो आनंद देवाला मान्य आहे.

संत थॉमस अक्वायनस यांनीही विरंगुळ्याला सद्गुणांच्या विचारात जागा दिली आहे. त्यासाठी ते संत योहानाविषयीची एक जुनी कथा सांगतात. सतत ताणलेले धनुष्य जसे शेवटी मोडते, तसेच विसावा न मिळालेले मनही मोडते, असा तिचा आशय. सहा दिवस राबणाऱ्या हातांना सातवा दिवस देवाने दिला. त्या आज्ञेत मालकाबरोबर दास, दासी, परका आणि गुरेढोरेसुद्धा आहेत. तेव्हा विश्रांती ही श्रीमंतांची मिरास नाही. गरिबाने फक्त राबावे आणि श्रीमंताने निसर्ग पाहावा, अशी वाटणी देवाने केलेली नाही.

मग जायचे कुठे? आपल्या कोल्हारच्या पुलाखालून वाहणारी प्रवरामाईच याचे उत्तर देते. ती रतनगडाच्या कुशीत उगम पावते, भंडारदऱ्याच्या जलाशयात विसावते, रंधा धबधब्यावरून सुमारे १७० फूट उडी घेते, अकोले आणि संगमनेर ओलांडून आपल्याकडे येते आणि पुढे नेवाशावरून जाऊन प्रवरासंगमाला गोदावरीस मिळते. संगमनेर, अकोले, राजूर असे एसटीने टप्प्याटप्प्याने गेले तरी भंडारदरा गाठता येते. २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट मिळू लागले, त्यामुळे मायलेकींचा प्रवास आणखी हलका झाला. रतनवाडीचे अमृतेश्वराचे कोरीव दगडी मंदिर, महाराष्ट्रातील सर्वांत उंच असे १६४६ मीटरचे कळसूबाईचे शिखर, आणि मे अखेर ते जूनच्या आरंभी हिरडा-बेहड्याच्या झाडांवर लुकलुकणारे काजवे! हे वैभव पाहायला विमानाचे तिकीट लागत नाही. घरून भाकरी-चटणीची शिदोरी बांधून घेतली की पुरे.

परंतु इथेच खरा नैतिक प्रश्न सुरू होतो. आपल्याला स्वस्त पडले म्हणजे ते खरोखर स्वस्त झाले का? की त्याची किंमत दुसऱ्याच कोणी दिली?

आफ्रिकेच्या मध्यभागातील रवांडा या लहान देशाचे उदाहरण पाहा. तिथल्या डोंगराळ जंगलात गोरिला आहेत. त्यांच्याजवळ एक तास घालवण्यासाठी परदेशी पाहुण्याला २०१७ पासून १५०० डॉलरचा परवाना घ्यावा लागू लागला. यामागे विचार आहे. गर्दी मर्यादित राहते, प्राणी सुरक्षित राहतात आणि उद्यानांच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा शेजारच्या गावांसाठी ठेवला जातो. पण याला दुसरी बाजूही आहे. देवाने निर्माण केलेला जीव पाहण्यासाठी इतके पैसे लागले, तर जगातले बहुसंख्य लोक दाराबाहेरच राहणार. देवाची देणगी माणसाने माणसासाठी बंद करावी हे आपल्या महाराष्ट्राला नवे नाही. तळ्याचे पाणी सर्वांचे आहे एवढे सिद्ध करण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला. जातीने घातलेली बंदी आणि किमतीने घातलेली बंदी यांत मोठा फरक आहे, पण बाहेर उभ्या राहिलेल्या माणसाला दार बंदच दिसते.

उलट, किंमतच नसेल तर काय होते, हे काजव्यांच्या दिवसांत दिसते. काजवा उगाच चमकत नाही. नर आणि मादी एकमेकांना प्रकाशाच्या खुणेने बोलावतात. त्या अंधारात शेकडो गाड्यांचे दिवे, बॅटऱ्या आणि मोबाईलचे झोत पडले की ती खूण हरवते आणि पुढची पिढी जन्मालाच येत नाही. झाडाखालची माती तुडवली जाते आणि तिथेच त्यांची अंडी आणि अळ्या असतात. मागे बाटल्या आणि प्लास्टिकच्या पिशव्या उरतात. आपण फुकट पाहिले आणि किंमत काजव्यांनी दिली!

म्हणजे किंमत लावली तर गरीब बाहेर राहतो, आणि किंमत काढली तर सृष्टी मरते. मग मार्ग कोणता? आमच्या मते तो असा : जिथे पैसा कमी, तिथे संयम जास्त. दिवे मालवणे, पायवाट न सोडणे, आवाज खाली ठेवणे, कचरा परत घरी आणणे ही किंमत गरिबातला गरीबही देऊ शकतो, आणि श्रीमंतालाही तिच्यातून सूट नाही.

आणखी एक भेद आपण ध्यानात ठेवला पाहिजे. देवाची देणगी फुकट आहे, माणसाचे श्रम फुकट नाहीत. डोंगर पाहण्याचे पैसे देव मागत नाही. परंतु डोंगरातली माउली चुलीवर नाचणीची भाकरी आणि पिठले करून वाढते, वाट दाखवणारा तरुण आपल्या मुलाला हात धरून कडा चढवतो, करवंदे विकणारी मुलगी काट्यांत हात घालून ती तोडते. त्यांच्याशी दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करणे ही काटकसर नव्हे. स्वतःच्या गरजा कमी करणे ही काटकसर आणि दुसऱ्याची मजुरी कमी करणे हा अन्याय. घामाचे दाम वेळेवर आणि पुरते मिळावेत म्हणून आपण स्वतः मुकादमाशी आणि मालकाशी भांडतो. मग चार दिवसांचे पाहुणे झाल्यावर आपणच मालकासारखे का वागावे?

अकोल्याच्या डोंगरातल्या लोकांचे तर आपल्यावर ऋणच आहे. तिथे पडणारा पाऊस भंडारदऱ्याच्या धरणात साठतो. १९२६ साली पूर्ण झालेल्या त्या धरणाच्या पाण्यावर प्रवरा खोऱ्यातला ऊस उभा राहिला. पुढे निळवंडे धरण झाले आणि २०२३ साली त्याच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण झाले. पाणी खाली आले, पण धरणांसाठी जमिनी वरच्यांच्या गेल्या. तिथल्या महादेव कोळी आणि ठाकर बांधवांकडे 'मागासलेले' म्हणून पाहणाऱ्याने कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचे नाव आठवावे. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी शेकडो गावरान वाणांचे बियाणे जपले आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. अशा लोकांकडे आपण जातो ते तमाशा पाहायला नव्हे, शिकायला जातो.

संत ऑगस्टिन यांनी उपयोग घेणे आणि आस्वाद घेणे यांत फरक केला. ज्याचा आपण उपयोग करतो ते साधन असते. ज्याचा प्रेमाने आस्वाद घेतो तिथे मन विसावते, आणि अखेरचा विसावा तर देवच आहे. ही कसोटी सहलीला लावून पाहा. धबधब्याकडे पाठ करून फक्त फोटो काढला, तर आपण धबधबा वापरला. तिथे घटकाभर गप्प बसून देवाचे आभार मानले, तर आपण आस्वाद घेतला. पहिल्याला पैसे पुरत नाहीत, कारण त्याला रोज नवे ठिकाण लागते. दुसऱ्याला एक नदीसुद्धा जन्मभर पुरते.

संस्कृतीचेही असेच आहे. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक हा उत्पन्नाने जगातल्या सर्वांत गरीब देशांपैकी एक. तिथल्या जंगलातले आका लोक अनेक स्वरांत एकाच वेळी गातात. प्रत्येकाचा सूर निराळा, तरी गाणे एक! युनेस्कोने २००३ साली त्या गायनाचा मानवतेच्या मौखिक आणि अमूर्त वारशातील उत्कृष्ट कृती म्हणून गौरव केला. आणि दयेच्या जुबिली वर्षाचे पहिले पवित्र द्वार पोप फ्रान्सिस यांनी रोममध्ये नव्हे, तर त्याच देशाच्या राजधानीत, बांगी येथे, २९ नोव्हेंबर २०१५ रोजी उघडले. युद्धाने पोळलेल्या त्या शहराला त्यांनी जगापुढे आणले, कारण देवाच्या दयेचे दार गरिबाच्या अंगणातही उघडते. आपल्याकडे सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला पायी निघालेले भाविक पाहा. खिशात थोडे पैसे, ओठांवर गीत आणि वाटेत एकमेकांना वाटून खाल्लेली शिदोरी. आका लोकांची गाणी ऐकायला आपण जाऊ शकणार नाही, पण वाटून घेतलेला आनंद काय असतो हे आपल्याला ठाऊक आहे.

म्हणून या वर्षी सहलीला जरूर जा, अपराधी वाटून घेऊ नका. फक्त जाण्याआधी तीन गोष्टी ठरवा. कर्ज काढून जाऊ नका. जिथे जाल तिथल्या कष्टकऱ्याला त्याचे पुरते दाम द्या. आणि मोजून घेतलेल्या जागांत एक जागा वाढवा : शेजारचे पोरके लेकरू, एकटी राहणारी आजी किंवा कधीच गावाबाहेर न पडलेली एखादी भगिनी यांच्यासाठी. अनुवादातली ती आज्ञा आपल्या काळात पाळायची, तर ती अशीच पाळता येईल.

रानातली फुले आणि आकाशातली पाखरे पाहा, असे प्रभू येशूने ज्यांना सांगितले, त्यांतले बहुतेक जण आपल्यासारखेच हातावर पोट असलेले होते. तोच प्रभू आपणा सर्वांना पाहणारे डोळे, आभार मानणारे हृदय आणि वाटून देणारे हात देवो.

आपले धर्मगुरू