कुळाचा शोध आणि मनुष्याचे मोल

ऐतिहासिक कादंबऱ्यांतून एक कथासूत्र पुनःपुन्हा आढळते. एखादी अनाथ मुलगी हीन स्थितीत वाढते व लोक तिला तुच्छ लेखतात. पुढे शेवटल्या प्रकरणात एखादी जुनी मुद्रा किंवा मरणोन्मुख दाईची साक्ष पुढे येते आणि ती राजकन्या ठरते. मग तेच लोक तिच्यापुढे माना लववितात, व वाचक संतोषाने पुस्तक मिटतो. परंतु वाचकहो, हा संतोष निर्दोष आहे काय? ती मुलगी राजकन्या न ठरती, तर तिला तुच्छ लेखणे योग्य ठरले असते काय?

हा प्रश्न केवळ कल्पित कथांपुरता नाही. आपल्या गासच्या दक्षिणेस असलेला वसईचा किल्ला इ. स. 1739 च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांपासून घेतला. त्यांचे वडील बंधू थोरले बाजीराव व मस्तानी ह्यांच्या प्रेमावर ना. सं. इनामदार ह्यांनी 1972 साली ‘राऊ’ ही कादंबरी लिहिली, आणि तिच्या आधारे 2015 साली हिंदी चित्रपटही निघाला. मस्तानी कोणाची कन्या, ह्याविषयी मात्र एकमत नाही. 1729 साली बाजीरावांनी महंमदखान बंगशाच्या हातून छत्रसाल राजांची सुटका केली, हे प्रसिद्धच आहे. ती ह्याच छत्रसालांची मुसलमान स्त्रीपासून झालेली कन्या, असे कित्येक म्हणतात. ती केवळ दरबारची नर्तकी होती, असे दुसरे म्हणतात. तर कोणी तिचा संबंध निजामाशी जोडतात.

ह्या वादातील एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. जे तिचा सन्मान करू इच्छितात ते तिला राजकन्या ठरवू पाहतात, आणि जे तिला हिणवू इच्छितात ते तिला नाचणारी म्हणतात. दोन्ही पक्ष भांडतात खरे, पण मूळ सिद्धांत दोघांचा एकच: पिता कोण हे कळले म्हणजे कन्येचे मोल कळले.

हा सिद्धांत किती पोकळ आहे, हे तिच्या पुत्राच्या चरित्रावरून दिसून येते. समशेर बहादूर ह्याच्या जन्मात काहीच रहस्य नव्हते. पिता पेशवा, माता मस्तानी, हे सर्वांस ठाऊक होते. तरी त्याला ब्राह्मण मानण्यास पुण्यातील शास्त्रीमंडळींनी नकार दिला, असे सांगतात. तोच समशेर 1761 साली पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढला व जखमी होऊन मरण पावला. म्हणजे अडचण अज्ञानाची नव्हती. माहिती पुरेपूर होती. उणीव होती ती न्यायबुद्धीची.

ह्यावर कोणी विचारील, मग जन्माचे सत्य क्षुल्लक मानावे काय? मुळीच नाही. महाभारतातील कर्णाची कथा पाहा. भर रंगभूमीत त्याला कुळ विचारले गेले व त्याची मान खाली गेली, तेव्हा कुंती तेथेच होती. पण ती बोलली नाही. युद्ध तोंडावर आले, तेव्हा मात्र ते सत्य त्याला सांगण्यात आले. ज्या वेळी त्या सत्याने मुलाचे रक्षण झाले असते त्या वेळी ते दडविले, आणि ज्या वेळी त्याचा उपयोग इतरांस होता त्या वेळी ते उघड केले. कर्णावर झालेला हा अन्याय हीन कुळाचा नव्हे, तर लपवणुकीचा आहे.

तेव्हा दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या. आपण कोणापासून जन्मलो हे जाणण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे. ते सत्य त्याचे देणे आहे. पण त्याच सत्याने त्याचे मोल करण्याचा अधिकार गावाला नाही. वसईच्या भूमीत तर हे सहज समजावे. येथील कित्येक ख्रिस्ती घराण्यांची आडनावे पोर्तुगीज आहेत. ती बाप्तिस्म्याबरोबर आली, रक्ताबरोबर नव्हे. नावावरून वंश सांगू जाणारा येथे पहिल्याच घरी चुकेल.

ह्याचा व्यवहारातील अर्थ साधा आहे. ज्यांनी मूल दत्तक घेतले आहे, त्यांनी ते त्याला लहानपणीच, ममतेने व स्वमुखाने सांगावे. शेजाऱ्याच्या टोमण्यातून ते त्याच्या कानी पडू देऊ नये. शेजाऱ्यांनी ‘हे खरे कोणाचे?’ अशी कुजबूज करू नये. सोयरीक पाहताना घराण्याच्या आधी मुलामुलींचा स्वभाव व उद्योग पाहावा. आणि अशी कादंबरी हाती आली तर ती आनंदाने वाचावी. मात्र शेवटचे प्रकरण उघडण्यापूर्वी आपल्या मनास विचारावे, की रहस्य उलगडण्याआधीच ह्या मुलीला आपण मान दिला होता काय?