पराजयाचा जमाखर्च

मिरा-भाईंदरहून पहाटेच्या गाडीनें क्रिकेटचें अवजड सामान सांभाळीत मुंबईच्या मैदानांकडे जाणारीं मुलें पुष्कळांनीं पाहिलीं असतील. एखाद्या वर्षीं त्यांच्या कॉलेजचा संघ सामन्यामागून सामना हरतो, आणि घरांतील वडील माणसें विचारतात, "सबंध हंगाम हरलांत, मग एवढा खटाटोप करून मिळविलें काय?" प्रश्न वरवर खेळाचा दिसतो, खरें पाहतां तो नीतीचा आहे. समूहाला अपयश आलें असतां त्यांतील एखाद्याच्या उत्तम कामगिरीला कांहीं मोल उरतें काय?

यावर दोन उत्तरें तयार असतात. एक म्हणतें, खेळांत हारजीत चालावयाचीच. दुसरें म्हणतें, जो जिंकला तोच खरा. पहिलें पराजयाचा विचार टाळतें, दुसरें गुणांचा. दोहोंचीही परीक्षा एका घडलेल्या गोष्टीवर करून पाहूं.

१९११ सालीं हिंदू, पारशी, मुसलमान व शीख खेळाडूंचा मिळून झालेला हिंदुस्थानचा पहिला क्रिकेट-संघ इंग्लंडांत खेळावयास गेला. २३ सामन्यांपैकीं १५ तो हरला, ६ जिंकला, २ अनिर्णीत राहिले. कर्णधार पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग होते. हें पद त्यांस गादीमुळें लाभलें होतें, आणि थोडेच सामने खेळून ते बाजूस झाले. त्याच संघांत बाळू पालवणकर होते. जन्म अस्पृश्य मानिलेल्या जातींतला. पुण्याच्या गोऱ्या लोकांच्या क्लबांत खेळपट्टीची निगा राखतां राखतां आणि साहेबांना चेंडू टाकतां टाकतां ते डावखुरे फिरकी गोलंदाज झाले. पुढें हिंदू संघांत त्यांच्या हातचा चेंडू सवंगड्यांना चालत असे. चहा मात्र त्यांना बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यांत मिळे. इंग्लंडच्या त्या पडत्या हंगामांत याच गृहस्थांनीं ११४ बळी मिळविले.

या ११४ बळींनीं संघाचे पराजय टळले नाहींत. मग ते व्यर्थ गेले काय? जय हें अनेक कारणांचें फळ आहे. हवा, खेळपट्टी, सोबत्यांची फलंदाजी, नायकाची निवड, यांपैकीं कोणतीच गोष्ट गोलंदाजाच्या हातीं नसते. म्हणून कर्माचा हिशेब फळावरून करूं नये, हें आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या सांगत आले आहेत. परंतु एवढ्यावरच थांबणें म्हणजे त्या माणसाची समजूत घालून बाकीच्यांनीं मोकळें होणें होय. आम्हांस वाटतें, हरणाऱ्या संघांतील चोख काम ही एक साक्ष असते. जय मिळाला म्हणजे सर्वांचे दोष त्याखालीं झांकले जातात. पराजयांत ज्याचें काम स्वच्छ आहे तो वेगळा दिसूं लागतो, आणि नेतृत्व जन्माच्या व गादीच्या मापानें कां दिलें, हा प्रश्न इतरांस चुकवितां येत नाहीं.

साक्ष झाली म्हणजे न्याय मिळतोच, असें मात्र नाहीं. हिंदू संघाच्या कर्णधारपदावर बाळूंची नेमणूक झाली नाहीं. १९२३ सालीं तें पद त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांस मिळालें, आणि त्या वर्षीं हिंदू संघानें चौरंगी सामने जिंकले. मध्यें बारा वर्षें गेलीं. त्याचा दोष गोलंदाजाकडे नाहीं. आंकडे समोर असून ते वाचण्याचें टाळणाऱ्यांकडे आहे.

म्हणून हरून आलेल्या मुलास विचारावयाचें तें हें: जय हातचा गेल्यावर तूं कसा खेळलास? आणि संघ निवडणाऱ्या वडीलधाऱ्यांस विचारावयाचें तें हें: त्या दिवसांत कोण चांगलें खेळलें याची तुम्हीं नोंद ठेविली काय, आणि पुढच्या निवडीच्या वेळीं ती उघडून पाहणार काय? पहिल्या प्रश्नाचें उत्तर बहुधा मुलाजवळ असतें. दुसऱ्याचें मिळण्यास बारा वर्षें लागूं नयेत.