हडंब्याच्या तोंडाशी

कामावर हात गेलेल्या किंवा जीव गेलेल्या मजुराच्या घरच्यांनी भरपाई मागितली की समोरून येणारे पहिले उत्तर ठरलेले असते: तो आमचा मजूर नव्हताच, त्याने काम गुत्त्याने घेतले होते. पुष्कळदा सोबत मुद्रांकाचा कागदही असतो. त्यावर आपण स्वतंत्र ठेकेदार असून अपघात झाल्यास जबाबदारी आपलीच, अशा अर्थाच्या दोन-चार ओळी आणि खाली सही किंवा अंगठा. हा कागद ज्याच्याकडून घेतला जातो तो माणूस नेमका कुठे उभा असतो, हे आधी पाहिले पाहिजे. वाशीम-पुसद रस्त्यावरच्या अनसिंगच्या शिवारात दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची सोंगणी होते, गंज्या लागतात आणि हडंबा येतो. ट्रॅक्टरवर चालणाऱ्या मळणीयंत्राचे हे इकडचे नाव. पावसाचे ढग दिसले की रात्रीही ट्रॅक्टरच्या दिव्यावर मळणी चालते. एक जण गंजीवरून पेंढ्या ओढतो, दुसरा त्या यंत्राच्या तोंडात सारतो. ओलसर काड अडकले की ते हाताने पुढे रेटण्याचा मोह होतो आणि आतला ड्रम हात आणि काड यांत फरक करत नाही. यंत्र याचे नाही, ट्रॅक्टर याचा नाही, पोत्यामागचा दर याने ठरवलेला नाही, माल याचा नाही. तरी कागदावर हा ठेकेदार. हे सरळ देणे बुडवणे आहे असे माझे मत आहे, आणि ‘स्वतंत्र ठेकेदार’ ही कल्पना कुठून कुठे आली हे पाहिल्यावर ते अधिक पक्के होते.

कामगार चळवळीचा आपल्याकडचा पूर्वार्ध मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. नारायण मेघाजी लोखंड्यांपासून ना. म. जोशींपर्यंतची वाट सर्वांच्या ओळखीची आहे. जोशी मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे प्रतिनिधी असताना 1923 चा कामगार भरपाई कायदा झाला आणि 1 जुलै 1924 पासून लागू झाला. मालकाची चूक सिद्ध केल्याशिवाय भरपाई नाही, ही जुनी अट त्याने काढली. काम करताना आणि कामामुळे इजा झाली एवढे पुरे. इथवर कुणाचा वाद नाही. वाद आहे तो या कायद्यात ‘नोकर की ठेकेदार’ हा प्रश्न कुठून शिरला याबद्दल, आणि नेमकी इथेच बहुतेकांची समजूत उलटी आहे.

हा प्रश्न इंग्लंडमध्ये जन्मला तेव्हा त्याचा मजुराच्या इजेशी संबंध नव्हता. 1840 चा क्वार्मन विरुद्ध बर्नेट हा खटला पाहा. दोन वयस्क बायकांची स्वतःची बग्गी होती. घोडे आणि गाडीवान त्या भाड्याने आणत. गाडीवान बहुधा तोच असे आणि त्याचा पोशाखही त्यांच्याच घरी ठेवलेला असे. एकदा त्यांना घरी सोडून तो टोपी ठेवायला आत गेला, मागे घोडे उधळले आणि रस्त्यावरचा एक तिऱ्हाईत जखमी झाला. त्याला पैसे कुणी द्यायचे? न्यायालय म्हणाले, गाडीवान घोडेवाल्याचा नोकर होता, बायकांचा नव्हता. म्हणजे ज्याच्यावर तुमचा ताबा नाही त्याने तिसऱ्याचे नुकसान केले तर ते तुमच्या माथी येऊ नये, यासाठी ही रेघ ओढली गेली. प्रश्न परक्याच्या इजेचा होता. आणि ‘काम कसे करायचे हेही मालक सांगू शकतो तो नोकर’ ही व्याख्या, जी आजही वकिलांच्या तोंडी असते, ती 1880 च्या येवेन्स विरुद्ध नोक्स खटल्यातली. त्या खटल्यात कुणी जखमी झाले नव्हते. वाद घरपट्टीचा होता. इमारतीत फक्त राखणीसाठी नोकर राहत असेल तर कर माफ होता, आणि सालीना दीडशे पौंड मिळवणारा कारकून त्या अर्थी नोकर ठरतो का, एवढाच मुद्दा होता. करमाफीसाठी तयार केलेले माप पुढे तुटलेल्या हाताला लावले गेले आणि माप कशाचे आहे हे क्वचितच कुणी विचारले.

भरपाई कायदा करणाऱ्यांना मात्र हा धोका दिसला होता. इंग्लंडच्या 1897 च्या कायद्यातच उद्योग चालवणाऱ्याने काम ठेक्याने दिले तरी ठेकेदाराच्या मजुराची भरपाई त्याच्याकडून घेता येईल अशी तजवीज होती. 2025 पर्यंत लागू असलेल्या आपल्या 1923 च्या कायद्याचे कलम 12 त्याच वळणाचे होते. आपल्या धंद्याचा नेहमीचा भाग असलेले काम कुणी ठेकेदाराकडून करून घेतले, तर ठेकेदाराचा मजूर जणू आपलाच मजूर आहे असे धरून मुख्य मालकाने भरपाई द्यायची आणि मग हवी तर ती ठेकेदाराकडून वसूल करायची. खटपट ज्याला झेपते त्याच्याकडे सोपवली, जखमी माणसाला दारोदार हिंडवले नाही. त्याच कायद्याच्या कलम 17 प्रमाणे भरपाईचा हक्क सोडून देणारा करार निरर्थक ठरत असे, मग मुद्रांक कितीचाही असो. नोकरीचा करार तोंडी असला किंवा नुसता वागण्यातून दिसत असला तरी चालतो, हे व्याख्येतच लिहिले होते. कायदा निर्दोष नव्हता. मालकाच्या धंद्याबाहेरच्या कामावर असलेला नैमित्तिक मजूर त्यातून वगळलेला होता, तो अडसर 2000 साली निघाला. शेतीतली सगळी कामेही त्यात नव्हती. पण ट्रॅक्टरने किंवा यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या साधनांनी होणारी शेती दुसऱ्या परिशिष्टात होती, म्हणजे हडंबा त्यात बसत होता. रक्कमही किरकोळ नाही. मृत्यू झाल्यास पगाराच्या निम्म्याला वयाच्या गुणकाने गुणायचे. तिशीच्या माणसाचा गुणक 207.98 आहे आणि 2020 पासून हिशेबात धरायचा पगार जास्तीत जास्त 15,000 रुपये, तेव्हा कमाल भरपाई 15,59,850 रुपये होते. त्या दोन-चार ओळींच्या कागदाने बुडतात ते हे पैसे.

आता ती उलटी समजूत. सर्रास सांगितली जाणारी गोष्ट अशी: पूर्वी ‘ताबा कुणाचा’ ही कडक कसोटी होती, मग न्यायालयांनी ती हळूहळू सैल केली आणि कामगाराची व्याख्या रुंदावत गेली. औद्योगिक वादांच्या कायद्यापुरते हे खरे आहे, भरपाईच्या बाबतीत नाही. तिथे ठेक्याचा अडथळा 1923 सालीच बराचसा बाजूला सारला होता. तो परत आला दुसऱ्या कायद्यांखालच्या निकालांतून. 1956 च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ध्रांगध्रा केमिकल वर्क्सच्या मिठागरातल्या आगरियांचा निकाल दिला, तो औद्योगिक विवाद कायद्याखाली. प्रत्येक आगरियाला चारशे फूट बाय दोनशे फुटांचा तुकडा मिळे आणि मणामागे साडेपाच आणे. हजेरीपट नाही, कामाचे तास नाहीत, मदतीला माणसे घ्यायची मुभा. तरीही न्यायालयाने त्यांना कामगारच ठरवले, कारण जमीन कंपनीची, खारे पाणी कंपनीचे आणि मीठ पसंत-नापसंत करणारी नजरही कंपनीची. या निकालातून उचलले जाते ते एकच वाक्य: ताब्याची कसोटी. निकाल लागला कुणाच्या बाजूने, आणि कितीही मोकळीक असलेला माणूस तरीही कामगार राहिला, हे मागे पडते.

विडीच्या धंद्यात तर या कसोटीने गोंधळच घातला. 1958 च्या चिंतामण राव खटल्यात विड्या वळून देणारे सट्टेदार स्वतंत्र ठेकेदार ठरले. दोन-तीन वर्षांतच नागपूरच्या बिरदीचंद शर्मा खटल्यात, आपल्या सोयीने येणारे-जाणारे आणि नगावर पैसे घेणारे विडी कामगार कारखान्याचे कामगार ठरले, कारण दुपारनंतर आलेल्याला काम मिळत नसे आणि हलकी विडी बाजूला काढली जाई. पाठोपाठ शंकर बालाजी वाजे खटल्यात बहुमताने पुन्हा उलटे ठरले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी तिथे वेगळे मत नोंदवले. तेंदूपान तेच, तंबाखू तीच, बोटे तीच, आणि दर्जा मात्र खटल्यागणिक बदलतो. अखेर 1966 साली संसदेला विडी कामगारांसाठी वेगळा कायदा करून घरी विड्या वळणाऱ्यांनाही त्यात घ्यावे लागले. 1973 च्या सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग खटल्यात नगावर शिवणाऱ्या शिंप्यांना दुकानाचे कामगार मानताना ताबा ही एकमेव कसोटी नाही, असे न्यायालयाने स्पष्ट सांगितले. पण तोवर ‘आधी नोकर आहेस हे सिद्ध कर’ ही सवय भरपाईच्या दाव्यांतही रुजली होती.

या कोंडीतून सर्वांत स्वच्छ वाट काढली ती महाराष्ट्राने, आणि तिची दखल व्हावी तशी घेतली गेलेली नाही. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून आलेला 1969 चा माथाडी कायदा पुष्कळांना हमालांच्या मजुरीचा कायदा वाटतो. त्याचे मर्म वेगळे आहे. माथाडी दिवसात चार व्यापाऱ्यांचा माल वाहतो, मग तो कुणाचा नोकर? कायद्याने हा प्रश्न सोडवण्याचा प्रयत्नच केला नाही. नोंदलेल्या माथाडीला भरपाई कायद्यापुरते कामगार मानावे आणि मंडळ मजुरी वाटत असेल तर मंडळालाच मालक मानावे, असे त्यात लिहिले. मजुरीवर लेव्ही घेऊन पैसा उभा केला. 1897 आणि 1923 च्या कायद्यांनी दाखवलेली दिशा इथे पूर्ण झाली. म्हणून माथाडी कायदा अपवाद आहे, हे मला पटत नाही. भरपाईच्या विचाराची मुख्य वाट तीच आहे.

यावर जो आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो तो शेतकऱ्याचा आहे. चार एकरवाला स्वतः कर्जात असतो, त्याच्यावर पंधरा लाखांचे ओझे टाकणार का? टाकू नये, आणि बहुतेक वेळा टाकायचे कारणही नाही. हडंबेवाला स्वतःचे यंत्र घेऊन गावोगाव फिरतो, दर ठरवतो, नफा-तोटा सोसतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने खरा स्वतंत्र ठेकेदार तोच, कारण मळणी हा त्याचा धंदा आहे. म्हणून यंत्राच्या तोंडाशी त्याच्या टोळीतला माणूस असेल तर पहिली जबाबदारी त्याची, आणि विमा काढायची सोयही त्यालाच आहे. शेतकऱ्याची परवड सरकारला समजते. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेत अपघाती मृत्यूला दोन लाख रुपये मिळतात, पण ते सातबाऱ्यावर नाव असलेल्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एकाला. भूमिहीन मजूर त्या यादीत नाही आणि ठेकेदार ठरला की भरपाईच्या हिशेबातही नाही. दुसरा आक्षेप असा की मजुरांनाच गुत्ते हवे असते, रोजापेक्षा त्यात पैसे जास्त सुटतात. सुटतात, आणि ते त्यांनी जरूर घ्यावेत. पण मजुरी नगावर मोजायची की दिवसावर, हा मापाचा प्रश्न आहे. जास्त पोती काढण्याच्या घाईतच हात आत जातो, तेव्हा गुत्त्याने धोका वाढतो. वाढलेल्या धोक्यासाठी हक्क कमी करायचा, यात कोणता न्याय?

खरे स्वतंत्र कारागीर असतात, हे मी नाकारत नाही. स्वतःचे हत्यार, स्वतःचा दर आणि दहा गिऱ्हाइके असलेला वायरमन किंवा बोअरवाला यांना नोकर म्हणणे त्यांनाही रुचणार नाही. म्हणूनच सिद्ध करण्याचा भार ठेकेदारी सांगणाऱ्यावर हवा. हत्यार कुणाचे, दर कुणी लावला, नुकसान कुणाचे होते, हे सगळे त्यालाच माहीत असते. जखमीकडे तर हजेरीचा कागदही नसतो. आज ही गरज वाढली आहे, कारण युक्ती एक पायरी पुढे गेली आहे. 1923 च्या कलम 12 ने ठेकेदाराच्या मजुराला वाचवले, खुद्द ठेकेदाराला नाही. म्हणून आता टोळीत एक गुत्तेदार आणि बाकीचे मजूर असे न ठेवता प्रत्येकालाच ठेकेदार केले जाते. शहरात घरपोच माल नेणाऱ्या पोरांना ‘पार्टनर’ म्हणतात ते याच चालीने. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामगारांची दखल घेतली, कंपन्यांच्या उलाढालीतून एक ते दोन टक्के वर्गणीची तरतूद केली, हे चांगलेच झाले. पण त्यांची व्याख्या करताना मालक-नोकर नात्याबाहेर काम करणारे असे म्हटले. योजनेतून मिळणारी मदत वेगळी आणि मालकाकडून येणे असलेली भरपाई वेगळी. पहिलीच्या मोबदल्यात दुसरी सोडली गेली तर मजूर तोट्यात जाईल.

अनसिंगपुरते पाहिले तर उपाय हाताशी आहे. पणन मंडळाच्या भावपत्रकात वाशीम बाजार समितीच्या नावापुढे अनसिंगच्या उपबाजाराची वेगळी ओळ असते. माथाडी कायद्याच्या परिशिष्टात बाजारांबरोबर उपबाजारांतली चढ-उतार आणि तोलाईची कामेही आहेत. सोयाबीनचे पोते तिथे पोचले की हिशेबपट्टीत हमाली आणि तोलाई यांचे आकडे स्वतंत्र पडतात. मळणीचा हिशेबही पोत्यावरच होतो, पोती मोजलेलीच असतात. त्या दरात विम्याचे दोन पैसे धरून हडंबेवाल्याने हंगामाच्या सुरुवातीला टोळीतल्या प्रत्येकाचे नाव पॉलिसीत घातले, आणि ती पाहिल्याशिवाय शेतकऱ्याने यंत्र शेतात घेतले नाही, तर येत्या दसऱ्यापासूनच हे सुरू होऊ शकते.