चौकशीविना अभय

सुवालीच्या किनाऱ्यावर बोलणं निघालं. मागे हजीऱ्याच्या कारखान्यांच्या चिमण्या, समोर पाणी. सतराव्या शतकात सुरतेला येणारी इंग्रज आणि डच जहाजं इथंच नांगर टाकत. मामा मूळचे अमळनेरचे, नोकरी हजीऱ्याच्या कारखान्यात.

“सगळ्या धर्मांचं सार एकच, हे सुरतेत दिसलं,” मामा म्हणाले. “जानेवारी 1664ची लूट. शिवाजी महाराजांनी कॅपुचिन पाद्री अँब्रोज यांच्या घराला हात लावला नाही. डचांच्या एका दिवंगत हिंदू दलालाचं घरही सोडलं, कारण तो दानशूर होता. फ्रेंच प्रवासी बर्नियेनं लिहून ठेवलंय. लुटले गेले ते व्यापारी वीरजी व्होरा जैन, हाजी झाहिद बेग मुसलमान. म्हणजे धर्म पाहिला नाही, सज्जनपणा पाहिला.”

“पण मामा, हाजीसाहेब जकात देत नसतील कशावरून? व्होरांकडे दानधर्म नसेल? दलालाच्या चांगुलपणाची ग्वाही महाराजांपर्यंत पोचली, म्हणून घर वाचलं. ज्यांच्यासाठी कोणी बोललं नाही, त्यांचं काय?”

“त्यांना आधी निरोप गेला होता, येऊन खंडणी ठरवा म्हणून. आले नाहीत. मुघल सरदार शाहिस्तेखान तीन वर्षं पुण्यात ठाण मांडून होता, मुलूख उजाड झाला होता. ते कुठून भरून काढायचं? राजाला रयत बघावी लागते, पोरी.”

हे खोडता येत नाही. रयतेची भूक खरी होती, सुरतेत जळालेली घरंही खरी होती.

“मुघल इतिहासकार खाफीखान घ्या,” मी म्हटलं. “महाराजांचा कट्टर द्वेष्टा. तोही लिहितो की मशीद, कुराण आणि कुणाचीही बाई यांना धक्का लावायचा नाही, असा त्यांचा नियम होता. हाती आलेलं कुराण ते आपल्या मुसलमान माणसाकडे देत. इथं चौकशी नाही, मामा. बाई दानशूर आहे का, घरच्यांनी खंडणी भरली का, कुणी विचारत नाही. सगळ्या धर्मांचं सार मला इथं दिसतं. दानशूराला मान तर बाजारही देतो.”

“मग दलालाचं घर सोडलं, ते कमी?”

“कमी नाही. पण ते अभय त्यानं आयुष्यभर कमावलं होतं. त्या बायांना ते कमवावं लागलं नाही.”

“तोच नियम व्यापाऱ्यांच्या घरांना लावला असता, तर स्वराज्य तगलं असतं?”

“कदाचित नसतं. तरी त्या घरांचा हिशेब मिटत नाही.”

“भर लुटीत एवढी मर्यादा पाळणाऱ्या राजाकडे तू आणखी मागतेस?”

“त्यांच्याचकडे मागते, मामा. शाहिस्तेखानाकडे काय मागणार?”